मिरजेचें स्टेशन आणि पाणी

(नभोवाणीवरील भाषण)

मिरजेचें स्टेशन पाहिलें नाहीं असा माणूस दक्षिण महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. कोणीं तें कोल्हापूरच्या अंबाबाईच्या दर्शनास जातांना पाहिलेलें असतें, कोणीं पंढरीच्या वारीस जातांना, तर कोणीं आजारी आईबापांना घेऊन मिरजेच्या दवाखान्यांत येतांना. गाडी बदलण्यासाठीं येथें उतरून, शिदोरी सोडून, फलाटावरच्या नळाचें पाणी ओंजळीनें पिऊन पुढें गेलेल्या माणसांची गणती कोण करील? परंतु जेथें आपण गाडीची वाट पाहत तासन् तास बसतों, त्या जागेचा इतिहास विचारावा असें मात्र आपल्या मनांत येत नाहीं.

मी जन्मानें आणि नोकरीनें मिरजेचाच. मॅट्रिक झालों, प्राथमिक शाळेंत मास्तर झालों, आणि मुलांना इतिहास-भूगोल शिकवितां शिकवितां निवृत्त झालों. या नोकरींत राजांच्या लढाया पुष्कळ शिकविल्या. पण आपल्या गांवच्या स्टेशनाचा धडा पुस्तकांत नव्हता. तो आज आपणांसमोर सांगावयाचा आहे. या इतिहासाला बाजू अनेक आहेत. मीं त्यांतली एकच मुख्य धरली आहे, ती पाण्याची. ‘आगगाडी’ या नांवांत आग आहे, पाणी नाहीं. पण वाफेच्या इंजिनाला कोळशापेक्षांहि पाणीच अधिक लागे, हें जुन्या ड्रायव्हरांना चांगलें ठाऊक होतें. आणि इंजिनापेक्षां माणसाला तें अधिक लागतें, हें सांगण्यास ड्रायव्हरहि नको.

गोष्टीचा आरंभ होतो तो दुष्काळापासून. १८७६ पासून १८७८ पर्यंत दख्खन, कर्नाटक, म्हैसूर आणि मद्रास इलाखा या विस्तीर्ण प्रदेशांत जो दुष्काळ पडला, त्यांत पन्नास लाखांहून अधिक माणसें मेलीं असा अंदाज आहे. आमच्या या भागांत त्या वेळीं रेल्वे नव्हती. पाऊस नाहीं म्हणून चारा नाहीं, चारा नाहीं म्हणून बैल मेले, आणि बैल मेल्यावर धान्याचे खटारे ओढावे कोणीं? दूरच्या बाजारांत धान्य असूनहि तें भुकेलेल्या गांवापर्यंत येऊं शकलें नाहीं. पुढें १८८० सालच्या दुष्काळ कमिशननें रेल्वे वाढविण्याची शिफारस केली, आणि १८८२ सालीं सदर्न मराठा रेल्वे या नांवाची कंपनी उभी राहिली. दुष्काळी मुलखांत धान्य पोंचविण्याचें साधन व्हावें, हा तिच्या स्थापनेचा एक प्रमुख हेतु होता. खर्च बेताचा यावा म्हणून तिनें रुंद रूळ न घालतां मीटर गेजचे, म्हणजे एक मीटर अंतराचे रूळ घातले. पुण्याहून निघून वाठार, मसूर, कऱ्हाड, मिरज, बेळगांव असें करीत लोंढ्यास पोंचणारी ही लाइन १८९० च्या सुमारास पुरी झाली. लोंढ्यापलीकडे कॅसलरॉकवरून गोव्यांतील मुरगांव बंदराशीं तिचा सांधा जुळला. म्हणजे मिरज हें घाटावरचें गांव एकीकडे पुण्याशीं आणि दुसरीकडे समुद्राशीं बांधलें गेलें.

येथें एक गोष्ट न लपवितां सांगितली पाहिजे. ज्या वर्षांत माणसें अन्नावांचून मरत होतीं, त्याच वर्षांत हिंदुस्थानांतून विलायतेस गहूं जातच होता. ज्या प्रांतांत त्या वेळीं रेल्वे होती, तेथें तिनें धान्य आणिलें हें खरें. पण जेथें भाव अधिक तेथें तें उचलून नेलें, हेंहि खरें. रूळ आपण होऊन कोणावर उपकार करीत नाहींत, आणि अपकारहि करीत नाहींत. त्यांवरून काय न्यावें आणि कोणासाठीं न्यावें, हें माणसें ठरवितात. एवढें सूत्र श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां मिरजेकडे वळूं. वाफेचें इंजिन थोडें अंतर चाललें कीं तहानेनें थांबे. म्हणून लाइनींत ठराविक अंतरावर पाण्याची सोय करावी लागे, आणि जेथें बारमाही पाणी मिळेल तेथें मोठें स्टेशन बांधणें सोयीचें होई. मिरजेपासून कृष्णा नदी हाकेच्या अंतरावर नसली तरी दूरहि नाहीं. रेल्वेनें नदीवरून स्वतंत्र नळ टाकून स्टेशनाला पाणी आणिलें. फलाटाच्या टोकाशीं उभा असलेला तो उंच लोखंडी नळ, त्याची आडवी सोंड इंजिनाच्या टाकीवर फिरवून आणणारा खलाशी, टाकी भरून पाणी बाहेर सांडलें कीं खालीं उभीं असलेलीं आम्हां पोरांची ओरड, हें सारें मीं लहानपणीं पाहिलें आहे. तें पाणी इंजिनासाठीं होतें. पण नळ एकदां गांवांत आला कीं तो पुढें कोणाच्या उपयोगी पडेल हें घालणाराला कोठें ठाऊक असतें?

लाइन आली आणि तिला फांटे फुटूं लागले. कोल्हापूर दरबारनें स्वतःच्या खर्चानें मिरज ते कोल्हापूर ही सुमारें एकोणतीस मैलांची लाइन बांधली. ती १८९१ सालीं सुरू झाली. सांगली ही संस्थानची राजधानी असूनहि मुख्य लाइनीपासून बाजूस राहिली होती. तिच्यासाठीं १९०७ सालीं मिरजेहून एक लहानसा फांटा गेला. त्यानंतर १९०८ सालीं सदर्न मराठा कंपनी मद्रासच्या कंपनींत मिळून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. जुनीं माणसें तिला ‘एम. एस. एम.’ म्हणत.

पण मिरजेला खरें जंक्शनपण आणिलें तें बार्शी लाइट रेल्वेनें. या रेल्वेचा जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाचा इंग्रज इंजिनियर. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. पण मुंबई-मद्रास लाइनीपासून ती एकवीस-बावीस मैल आंत. तेवढ्यासाठीं मोठी रेल्वे परवडणारी नव्हती. कॅलथ्रॉपनें हिशेब मांडला कीं, अडीच फूट रुंदीचे रूळ घालावे, इंजिन असो कीं डबा असो, कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं देऊं नये, म्हणजे हलक्या रुळांवरहि भरपूर माल वाहतां येईल. १८९७ सालीं कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत ही गाडी धांवली, आणि त्याचा हिशेब खरा ठरला. पुढें ती एका बाजूस १९०६ सालीं पंढरपुरास व दुसऱ्या बाजूस १९११ सालीं लातुरास पोंचली. पंढरपूरकडील तोंड वाढत वाढत १९२७ सालीं मिरजेस येऊन मिळालें. मिरज ते लातूर हा मार्ग असा तीस वर्षांत तुकड्या-तुकड्यानें सिद्ध झाला. कापूस, भुईमूग, ज्वारी आणि वारकरी, हा त्याचा मुख्य माल. पाण्याचा विचार कोणाच्या स्वप्नांतहि नव्हता.

या अरुंद गाडीनें मीं कितीदां प्रवास केला आहे. मिरज सुटली कीं आरग, कवठे महांकाळ, ढालगांव, जत रोड, सांगोला अशीं स्टेशनें येत. आरगेपर्यंत हिरवें दिसे. त्यापुढें जमीन उघडी पडत जाई. उन्हाळ्यांत गाडी थांबली कीं गांवच्या बायका घागरी घेऊन इंजिनापाशीं धांवत, आणि ड्रायव्हर दयाळू असला तर इंजिनाचें कोमट, तेलकट पाणी त्यांच्या घागरींत सोडी. मी वडिलांना विचारलें, “हें पाणी कशाला हो?” ते म्हणाले, “जनावरांना. आणि नसेलच तर माणसांनाहि.” भूगोलाचा तो धडा मी विसरलों नाहीं.

१९७१ सालीं पुणें-मिरज-कोल्हापूर ही लाइन रुंद झाली, आणि मुंबईची गाडी न बदलतां थेट येऊं लागली. सांगलीचें स्टेशनहि त्या वेळीं मुख्य लाइनीवर आलें. मी तेव्हां प्राथमिक शाळेंत होतों. बेळगांवकडील लाइन मात्र १९९० नंतरच्या दशकापर्यंत मीटर गेजच राहिली, आणि पंढरपूरकडील अरुंदच. त्यामुळें वीसपंचवीस वर्षें मिरजेस तीन निरनिराळ्या मापांचे रूळ एकत्र नांदत होते. मास्तर झाल्यावर मी दरवर्षीं मुलांना स्टेशनाच्या पुलावर नेऊन ते दाखवीत असें, आणि परत आल्यावर शाळेच्या अंगणांत खडूनें तिन्ही मापें आंखावयास लावीत असें : १६७६ मिलिमीटर, १००० मिलिमीटर, ७६२ मिलिमीटर. एकदां एका मुलानें विचारलें, “गुरुजी, एका रुळाचा डबा दुसऱ्या रुळावर जात नाहीं, मग आंतल्या पोत्यांचें काय?” मीं म्हटलें, “हमाल आहेत ना.” तो म्हणाला, “माझे बाबा तेंच करतात.” मिरजेच्या भरभराटींत या हमालांच्या पाठीचा वाटा किती, तें त्या मुलानें मला शिकविलें. एका गाडींतून उतरवून दुसऱ्या गाडींत चढविलेलें प्रत्येक पोतें कोणाच्या तरी पाठीवरून गेलें होतें.

स्टेशनानें गांवाला काय दिलें, हें थोडक्यांत सांगतों. १८९४ सालीं डॉक्टर वानलेस यांनीं मिरजेस मिशनचा दवाखाना काढला. त्याची कीर्ति पसरली ती अर्थात् त्यांच्या हाताच्या गुणानें. पण कर्नाटकांतला, कोंकणांतला, देशावरचा रोगी दारापर्यंत पोंचला तो आगगाडीनें. स्टेशनाबाहेर टांगेवाला कोणास ‘कोठें?’ असें विचारीतच नसे. अंगावरची शाल आणि चेहऱ्यावरची कळा पाहूनच तो दवाखान्याचा रस्ता धरी. मिरजेचे सतारमेकर पिढ्यान् पिढ्या तंबोरे आणि सतारी करीत आले. लांकडी पेट्यांत गवताच्या गादीवर निजविलेले ते तंबोरे पार्सल ऑफिसापुढें मीं अनेकदां पाहिले आहेत. आणि याच लाइनीवर कुंडल रोड नांवाच्या एका ओसाड स्टेशनाजवळ १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आपला कारखाना उभारला. आज त्या स्टेशनाचें नांव किर्लोस्करवाडी आहे. वाळलेल्या माळावर कारखाना काढण्यास मनाचा मोठेपणा लागतो, पण जवळ स्टेशनहि लागतें.

संगीताचा उल्लेख झाला तेव्हां खांसाहेब अब्दुल करीमखां यांचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. किराणा घराण्याच्या या थोर गवयानें मिरज आपली मानली. १९३७ च्या ऑक्टोबरांत मद्रासेहून पाँडिचेरीस जातांना त्यांची प्रकृति बिघडली. ते वाटेंत सिंगपेरुमलकोइल या लहानशा स्टेशनावर उतरले, आणि तेथेंच त्यांचें प्राणोत्क्रमण झालें. त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत दफन करण्यांत आला. उरुसांत तेथें आजहि गाणें होतें. ज्यांचें आयुष्य मैफलींच्या निमित्तानें गांवोगांव हिंडण्यांत गेलें, त्यांना शेवटचा विसांवाहि एका फलाटावरच मिळाला.

आतां स्टेशनावरील सोयींविषयीं. जुन्या काळीं स्टेशन म्हणजे समाजाची एक लहानशी प्रतिकृतीच असे. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या उतारूंना बसण्यास वेगळ्या खोल्या, आरामखुर्च्या, पंखे. तिसऱ्या वर्गाला मुसाफिरखान्याची फरशी. रेल्वेला उत्पन्नाचा मोठा भाग मिळे तो याच तिसऱ्या वर्गाकडून, आणि सोयींचा लहान भाग मिळे तो त्यालाच. हिंदुस्थानांतील बहुतेक मोठ्या स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा निराळ्या पाट्या असत, निराळे पाणके असत. एकाच विहिरीचें पाणी दोन घागरींत भरलें कीं त्याचे दोन धर्म होत. आणि ज्यांना या दोन्हींपैकीं एकाहि घागरीला हात लावण्याची मुभा नव्हती, त्यांची तर गणतीच कोणी करीत नसे.

याच लाइनीवर, मिरज आणि वाठार यांच्या दरम्यान, मसूर स्टेशन आहे. १९०१ सालीं सातारहून निघालेलीं कांहीं मुलें उन्हाळ्याच्या सुटींत वडिलांना भेटण्यासाठीं तेथें उतरलीं. अंगावर नवे कपडे, मनांत रेल्वेच्या प्रवासाचा आनंद. वडील नोकरीनिमित्त खटाव तालुक्यांत होते. त्यांना पत्र वेळेवर पोंचलें नव्हतें, म्हणून नेण्यास कोणी आलें नाहीं. स्टेशनमास्तरनें चौकशी केली. मुलें महारांचीं आहेत असें कळतांच त्याचा चेहरा बदलला. गाडीवानांपैकीं कोणी त्यांना गाडींत घेईना. शेवटीं दुप्पट भाडें देऊन, गाडी स्वतः मुलांनींच हांकावयाची आणि गाडीवानानें बाजूनें पायीं चालावयाचें, असा तोडगा निघाला. बरोबर शिदोरी होती, पण वाटेंत पिण्यासारखें पाणी त्यांना मिळालें नाहीं. भरल्या शिदोरीनिशीं तीं मुलें रात्रीं उपाशीं निजलीं. त्यांतला एक नऊदहा वर्षांचा मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. ही हकीकत त्यांनीं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेविली आहे.

मी हा प्रसंग वर्गांत सांगत असें, तेव्हां मुलें शेवटीं एकच प्रश्न विचारीत : “गुरुजी, स्टेशनावर नळ नव्हता का?” काय उत्तर द्यावें? इंजिनाला पाणी देतांना त्याची जात विचारीत नसत. मुलाला देतांना विचारीत. रेल्वेनें सर्व जातींना एका डब्यांत बसविलें असें आपण अभिमानानें म्हणतों. तें पुष्कळ अंशीं खरेंहि आहे. पण डब्यांतून खालीं उतरल्यावर जुना समाज फलाटावर वाट पाहत उभाच असे.

स्वातंत्र्याच्या काळांत या लाइनीनें आणखी एक दृश्य पाहिलें. १९४३ च्या जूनमध्यें सातारच्या प्रतिसरकारच्या तरुणांनीं शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी अडवून खजिना काबीज केला. स्वातंत्र्यानंतर १९५१ सालीं एम. एस. एम. रेल्वे दक्षिण रेल्वेंत विलीन झाली, आणि १९५४ सालीं बार्शी लाइट सरकारनें विकत घेतली. पुढें विभाग अनेकदां बदलले. आज मिरज मध्य रेल्वेच्या पुणें विभागांत आहे, आणि बेळगांवकडे जाणारी लाइन दक्षिण-पश्चिम रेल्वेची आहे. बार्शी लाइटचे अरुंद रूळ टप्प्याटप्प्यानें उखडले गेले. कुर्डुवाडी-लातूर बाजू २००८ पर्यंत रुंद झाली. मिरज-पंढरपूर अरुंद गाडी त्याच वर्षीं थांबली, आणि २०११ पर्यंत तोहि मार्ग रुंद झाला. शेवटच्या दिवसांत ती गाडी पाहण्यास माझे जुने विद्यार्थी आपल्या मुलांना घेऊन आले होते. आपल्या हळू चालीची थट्टा सहन करीत तिनें ऐंशी वर्षें दुष्काळी मुलखाची सेवा केली. ती गेल्याचें वाईट वाटलें. पण तिचे रूळ रुंद झाले नसते, तर पुढची हकीकत घडलीच नसती.

ती हकीकत २०१६ सालची. मराठवाड्यांत लागोपाठ पाऊस हुकला होता. लातूर शहराला पाणी पुरविणारें मांजरा धरण कोरडें पडलें. मार्च महिन्यांत पाण्याच्या टाक्यांपाशीं दंगे होऊं नयेत म्हणून तेथें जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. माझी धाकटी बहीण लातुरास दिलेली आहे. ती फोनवर म्हणाली, “दादा, भांडीं राखेनें घांसून फडक्यानें पुसतों. पाहुणा आला तर आधीं मनांत येतें, हा किती पाणी पिईल?” ज्या घरांत पाहुण्याला आधीं गूळपाणी देत, त्या घरांतलें हें वाक्य.

मग निर्णय झाला कीं मिरजेहून कृष्णेचें पाणी आगगाडीनें लातुरास न्यावें. तेल वाहणाऱ्या टाकीच्या वाघिणी राजस्थानांत कोट्याच्या कारखान्यांत वाफेनें धुऊन आणल्या. स्टेशनाला पाणी देणारी रेल्वेची जुनी व्यवस्था प्रथम कामास आली. ११ एप्रिल २०१६ रोजीं दहा वाघिणींत पांच लक्ष लिटर पाणी घेऊन पहिली गाडी मिरजेहून निघाली, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे लातुरास पोंचली. तिचा मार्ग कोणता? पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद. म्हणजे कॅलथ्रॉपच्या त्याच बार्शी लाइटचा. पुढें हैदरखानाच्या विहिरीपासून यार्डापर्यंत नवा नळ टाकला, आणि पन्नास वाघिणींची, पंचवीस लक्ष लिटरांची गाडी जाऊं लागली. पावसाळा लागून ऑगस्टांत हें काम थांबलें, तोंवर सुमारें पंचवीस कोटी लिटर पाणी सुमारें तीनशें चाळीस किलोमीटर दूर गेलें होतें.

आतां मास्तरकीच्या संवयीनें एक गणित मांडतों. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें लातूर शहराची वस्ती सुमारें तीन लक्ष ऐंशी हजार. पहिल्या गाडीच्या पाण्याची वांटणी केली तर दरमाणशीं दीड लिटरहि येत नाहीं. पन्नास वाघिणींच्या गाडीचें सुमारें साडेसहा लिटर येतें. एवढ्या पाण्यांत माणूस जगतो. संसार होत नाहीं. म्हणून पाण्याच्या गाडीची स्तुति करतांना ती उपाय नव्हती, धांवपळ होती, हें विसरतां येत नाहीं. जमिनींत पाणी मुरविणें, उंसाला किती आणि माणसाला किती याचा निवाडा करणें, हें काम कोणतीहि आगगाडी आपल्यासाठीं करणार नाहीं.

आणखी एक कबुली दिली पाहिजे. त्या एप्रिलांत आमच्या आळींत कुजबूज होती कीं, आपलें पाणी बाहेर चाललें. उद्यां आपल्या नळाला आलें नाहीं तर? मीहि तें ऐकून गप्प बसलों. बहीण लातुरांत असतांना माझ्या मनाला हा हिशेब शिवला, याची मला आज लाज वाटते. पहिल्या गाडीच्या दिवशीं मी स्टेशनावर गेलों. पुलावर माणसांची दाटी होती. गाडी हालली तेव्हां कोणी घोषणा दिल्या, कोणी नारळ फोडला. माझ्या शेजारीं एक म्हातारी डोक्यावरचा पदर सांवरीत उभी होती. ती कवठे महांकाळकडची. दवाखान्यांत लेकाला घेऊन आलेली. ती म्हणाली, “आमच्या दारावरनंच जाईल की ही.” तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. पण मला इंजिनापाशीं घागरी घेऊन धांवणाऱ्या बायका आठवल्या. कवठे महांकाळ, जत रोड, सांगोला या तहानलेल्या स्टेशनांवरून ती भरलेली गाडी न थांबतां जाणार होती. शहराची तहान दिल्लीपर्यंत ऐकूं जाते. खेड्याची तहान पुढच्या स्टेशनापर्यंतहि जात नाहीं.

दोन दिवसांनीं बहिणीचा फोन आला. मीं विचारलें, “पाणी मिळालें का?” ती म्हणाली, “आठवड्याचा पाळीचा टँकर आला. त्यांत तुमचें किती आणि इकडचें किती, कोण सांगणार? पण दादा, मीं पहिला तांब्या देवापुढें ठेवला. कृष्णेचें असेल म्हणून.” मला उत्तर सुचलें नाहीं. माहेरचें पाणी सासरीं आलें, एवढाच तिच्यापुरता या साऱ्या इतिहासाचा अर्थ होता, आणि तोहि खोटा नव्हता.

असो. आतां मिरजेचें स्टेशन पुष्कळ बदललें आहे. विजेच्या तारा आल्या, पाण्याची सोंड गेली. इंजिनाला आतां तहान लागत नाहीं. २०२४ पासून पुणें-कोल्हापूर व पुणें-हुबळी अशा वंदे भारत गाड्या मिरजेवरून धांवूं लागल्या. सरकते जिने, आरक्षणाच्या खिडक्या, उद्घोषणा या सोयी चांगल्याच आहेत. माझ्यासारख्या गुडघेदुखीच्या माणसाला तर फारच. परंतु स्टेशनावर गेलों कीं माझे डोळे अजून फलाटावरचा नळ शोधतात. तो चालू आहे का, त्याभोंवतीं चिखल आहे कीं स्वच्छ फरशी, आणि ज्याच्या खिशांत बाटलीचे पैसे नाहींत त्याला तेथें निर्भयपणें ओंजळ धरतां येते का, एवढें पाहतों. दुष्काळांत धान्य आणण्यासाठीं ही लाइन जन्मली, मसुरास एका मुलाला तिनें तहानलेला पाहिला, आणि सव्वाशें वर्षांनीं तिनेंच एका शहराला पाणी पोंचविलें. रूळ तेच होते. माणसांनीं काय ठरविलें, एवढाच फरक.

आपण पुढच्या वेळीं मिरजेस गाडी बदलण्यासाठीं उतराल तेव्हां मुलें बरोबर असतील तर त्यांना हें सांगावें. गाडीला उशीर असतोच; गोष्ट सांगून होण्याइतका वेळ सहज मिळेल.